आईचा मोगरा आणि माझे खुरपे

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात कोणतीही वस्तू आपल्या जागी राहत नाही. कपाटे भिंत सोडतात, पलंग खोल्या बदलतात आणि जी माझ्या मते ग्रंथसंपदा व सौ.च्या मते रद्दी असते, ती जिन्यापाशी येऊन आपल्या भवितव्याची वाट पाहत बसते. यंदा या धामधुमीत सौ.ची नजर गॅलरीकडे गेली. “एवढे सगळे करतोच आहोत, तर कुंड्याही बदलून टाकू. मोगऱ्याची तर आधी बदलू,” ती म्हणाली.

मी एरवी सौ.च्या कोणत्याही ठरावाला मुकाट्याने हात वर करणारा गृहस्थ. पण या वेळी माझा आवाज चढला. “मोगऱ्याला आता हात लावायचा नाही! फेब्रुवारीपर्यंत कोणीही लावायचा नाही!” तो आवाज ऐकून आतल्या खोलीत वाती वळत बसलेली आई बाहेर आली, तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “बरोबर सांगतोय तो.” लग्नानंतरच्या वीस वर्षांत तिने उघडपणे माझी बाजू घेतल्याचा हा बहुधा तिसरा प्रसंग.

वाचकहो, माझ्या या अधिकारवाणीमागे एका झाडाचा जीव गेलेला आहे. ती हकीकत सांगावी की न सांगावी, असा बरेच दिवस विचार केला. पण दिवाळीच्या साफसफाईत अनेक घरांतून कुंड्यांवर हात टाकला जातो हे ठाऊक असल्यामुळे सांगतोच.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. ज्ञानदेवांच्या नावावर असलेला मोगऱ्याचा अभंग आजवर किती वर्गांना समजावून सांगितला याची गणती नाही. ‘मोगरा’ हा शब्द संस्कृत ‘मुद्गर’ या शब्दापासून आला, कपडे धोपटण्याची मोगरी याच घराण्यातली, आणि मोगऱ्याची टपोरी कळी देठासकट हातात धरून पाहा म्हणजे ही सोयरीक पटेल, असे मी मोठ्या रंगात येऊन सांगत असे. मुलेही माना डोलवीत. पण तो मोगरा लावावा कोणत्या मातीत, असे कोणी विचारले असते तर माझी दातखीळ बसली असती. अभंगातले रोप दारात लावलेले आहे, म्हणजे जमिनीत, कुंडीत नव्हे. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला मला पन्नाशी जवळ यावी लागली.

आमचा मोगरा मूळचा महालातल्या वाड्याचा. चौकात विहीर होती आणि तिच्या धोंडीवरून वाहणारे पाणी जिथे मुरे तिथे तो होता. कोणी लावला हे आईलाही माहीत नव्हते. ती लग्न होऊन आली तेव्हा तो होताच. नागपूरच्या उन्हाळ्यात दुसरे काही सुखाचे नाही, पण संध्याकाळी त्याच्या कळ्यांनी भरलेली परडी आणि सकाळी माठातल्या पाण्यावर तरंगणारी चार फुले एवढे सुख आम्हांला दरवर्षी मिळे. बाबा गेले आणि २०१८ साली वाडाही विकला गेला. विहिरीपाशी मुरलेले ते जुने खोड उपटून नेणे शक्य नव्हते. आम्ही भावंडे कागदपत्रांत गुंतलो होतो, तेव्हा आईने कोणाला न सांगता मोगऱ्याच्या दोन फांद्या वाकवून मातीत दाबल्या आणि वर एकेक वीट ठेवली. याला दाब कलम म्हणतात हे मला नंतर कळले. पावसाळ्यात त्यांना मुळ्या फुटल्या. मग तिने त्या मूळ झाडापासून तोडून आठ इंची दोन कुंड्यांत लावल्या. माती अर्थात चौकातलीच. सामानाच्या टेम्पोत इतर सगळे मागे गेले. या दोन कुंड्या मात्र ती पुढे, ड्रायव्हरशेजारी, पायांशी धरून घेऊन आली.

त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर तिचे मन रमायला फार दिवस लागले. लिफ्टची तिला भीती वाटे. शेजारी दार लावून बसणारे. सकाळ-संध्याकाळ कुंड्यांना पाणी घालायला ती गॅलरीत येई, तेवढेच तिचे बाहेर पडणे. म्हणून त्या दोन कुंड्यांना काही झाले तर काय, हा विचार आमच्या मनात नेहमी असे.

पहिली दोन-तीन वर्षे मोगरा छान फुलला. पुढे फुले कमी होत गेली आणि पाने लहान व पिवळट येऊ लागली. माझे निदान झटपट झाले : झाड उपाशी आहे. मी खताची पुडी आणून ओतली. पाने आणखी पिवळी पडली. मग कोणीसे म्हणाले, कुंडी बदला. हा सल्ला बरोबर होता. तो अमलात आणणारा माणूस चुकीचा होता.

प्राध्यापकाला वेळ मिळतो तो मे महिन्यात, आणि झाडाला नेमका तेव्हाच कोणाचा हात नको असतो. २०२२ च्या मे महिन्यात आई आठ-दहा दिवसांसाठी माझ्या बहिणीकडे अमरावतीला गेली होती. ती परत यायच्या आत एक कुंडी बदलून तिला चकित करावे असे मी ठरवले. ज्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, त्या नागपुरात, भर दुपारी! झाड स्वच्छ व्हावे म्हणून मी त्याच्या मुळ्या नळाखाली धरून धुतल्या. पुन्हापुन्हा हा उपद्व्याप नको म्हणून ड्रमाएवढी प्रचंड कुंडी आणली. शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यातली काळी माती फुकट मिळत होती, ती गच्च भरली. वर मूठभर युरिया टाकला आणि फुलझाडाला ऊन हवे हे कुठेसे वाचलेले आठवून कुंडी उन्हात ठेवली. एका माणसाला एका दुपारी करता येण्यासारख्या जेवढ्या चुका होत्या, तेवढ्या मी केल्या. त्याही मन लावून.

चौथ्या दिवशी पाने वळली. आई आली तोवर काटक्या उरल्या होत्या. तिने वाकून नखाने एका काटकीची साल खरवडली. आत हिरवे काही दिसले नाही. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. मृगाचा पाऊस आला, आषाढ संपत आला, तरी ती रोज सकाळी त्या काटक्यांना तांब्याभर पाणी घालीत होती.

त्यानंतर उरलेल्या कुंडीला हात लावण्याचे धैर्य मला झाले नाही. आणि तिची अवस्था तर बिघडत चालली होती. पाणी घातले की ते वरून घळकन खाली जाऊन बशीत येई. माती मात्र बोटभर खोल उकरली तर कोरडी. तळाच्या भोकातून मुळ्यांचा झुपका बाहेर लोंबू लागला होता. बोअरच्या जड पाण्याने कुंडीवर पांढरे पापुद्रे धरले होते आणि तिला एक चीर गेली होती, ती आईने तारेने आवळून ठेवली होती. गेल्या उन्हाळ्यात त्या झाडाला मोजून अकरा फुले आली.

माझ्या मदतीला दोन माणसे आली. पहिले आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सहकारी. स्टाफरूममध्ये मी माझे दुःख सांगितले तेव्हा त्यांनी आधी शांतपणे चहा संपवला, मग फळा पुसायचा स्पंज नळाखाली भिजवून आणला आणि टेबलावर एका ताटलीवर आडवा धरला. पाणी ठिबकले आणि थांबले. “आता यात पाणी नाही?” त्यांनी विचारले आणि तोच स्पंज उभा धरला. पुन्हा धार लागली. मग त्यांनी सांगितले ते असे : कुंडीतली माती म्हणजे हा स्पंज. शेतात पाण्याला खालची माती ओढून घेते, तिच्याखालची आणखी ओढते. कुंडीत खाली ओढणारे कोणी नसते, म्हणून तळाशी पाणी अडून राहते. माती जितकी बारीक आणि चिकट, तितका हा ओला थर जाड. आपली काळी माती कापसासाठी उत्तम, कारण तिला शेतात वाव असतो. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. कुंडीत ती आक्रसली की कडेने फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून बाहेर निघून जाते. आपण म्हणतो पाणी दिले. झाड म्हणते, मिळाले नाही.

“मग तळाला चांगले चार बोटे खडे भरतो,” मी उत्साहाने म्हणालो. माझ्या ओळखीतले सगळे हेच करतात. “त्याने काही होत नाही,” ते म्हणाले. “ओला थर खड्यांच्या वर येऊन बसतो आणि मुळ्यांना तेवढी जागा कमी मिळते. भोकावर एक खापर ठेवा, माती वाहू नये म्हणून. निचरा हवा असेल तर सगळी मातीच भुसभुशीत करा.” ड्रमाएवढ्या कुंडीचा दोषही त्यांनी तेव्हाच सांगितला. लहान मुळ्यांना जेवढी माती वापरता येत नाही तेवढी नुसती ओली राहते आणि मुळ्या कुजतात. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंचांनी मोठी असावी.

मुळ्या कापाव्या लागतील असे ते म्हणाले तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. त्यावर त्यांनी जपानी बोन्सायची गोष्ट सांगितली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरे पाइन आहे. १६२५ सालापासून ते कुंडीत आहे. १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात, त्याच्या मालकांच्या अंगणात होते. तरी जगले, आणि १९७६ साली जपानने ते अमेरिकेला भेट दिले. चारशे वर्षे एखादे झाड कुंडीत राहते ते ठरावीक काळाने त्याच्या मुळ्या छाटतात म्हणूनच. मूळ भिंतीला टेकले की वळते, आणि मुळ्या गोल गोल फिरत राहिल्या की झाड स्वतःच स्वतःला आवळते. पाणी शोषतात ती मुळांची कोवळी टोके. जुने मूळ कापले की मागे अशी नवी टोके फुटतात.

दुसरा माणूस म्हणजे आमच्या गल्लीत हातगाडीवर रोपे घेऊन येणारा माळी. त्याने कुंडी हाताने ठोकून पाहिली, भोकातल्या मुळ्या पाहिल्या आणि निकाल दिला : “सर, हे झाड उपाशी नाही. कोंडलं आहे. मुळ्या कापा लागते.”

“मरणार नाही ना?”

“आता थंडी आहे, झोपलं आहे थे. संक्रांत होऊन जाऊ द्या, थंडी सरली का करू. उन्हाळ्यात केलं तं मरते.”

हे ‘उन्हाळ्यात केलं तं मरते’ त्याने आईसमोर म्हटले. आईने माझ्याकडे पाहिले नाही, हे तिचे मोठेपण.

यंदाच्या फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी शस्त्रक्रिया ठरली. नागपूरची थंडी तेव्हा मोडू लागलेली असते आणि ऊन अजून पोळत नसते. झाड जागे व्हायच्या बेतात असते. त्याआधी आठवडाभर मोगऱ्याचे पाणी कमी केले होते, फक्त आदल्या दिवशी भरपूर घातले, म्हणजे मातीचा गोळा सुटायला सोपा. नवी दहा इंची कुंडी आदल्या रात्री मोरीत बादलीत बुडवून ठेवली. कोरडी भाजकी माती पहिल्याच दिवशी झाडाच्या वाट्याचे पाणी पिऊन टाकते, म्हणून. मिश्रण सहकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे : दोन घमेली लाल माती, एक कन्हानची रेती, एक जुने, वास न येणारे शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. आईने मध्येच जुन्या कुंडीच्या वरची ओंजळभर काळी माती उचलून त्यात टाकली. मी सहकाऱ्यांना फोन करून विचारले, चालेल का? ते म्हणाले, “ओंजळभर चालेल. तेवढी ओल धरायला हवीच.”

माळ्याने कुंडी फोडायला दगड उचलला. “फोडा लागते, आजी. मुळ्या चिकटल्या आहेत.”

“फोडायची नाही,” आई म्हणाली. तिने स्वयंपाकघरातून पातळ पात्याची लांब सुरी आणून दिली. माळ्याने ती कुंडीच्या आतल्या कडेने फिरवली, बुंधा दोन बोटांत धरून कुंडी उलटी केली आणि काठ पायरीवर हळूच तीनदा आपटला. गोळा अख्खा निघाला. त्याला कुंडीचाच आकार आला होता. माती दिसतच नव्हती, नुसत्या पांढुरक्या-तपकिरी मुळ्यांची चुंबळ. इतकी वर्षे आपण हिला पाणी आणि खत घालीत होतो, आणि जायला जागाच नव्हती, हे पाहून मला कसेसेच झाले.

कात्री माझ्या हातात दिली गेली. माझा हात थरथरत होता. आई स्टुलावर बसून गोळा दोन्ही तळव्यांत धरून होती. तळाची बोट-दीड बोट जाडीची चकतीच कापून टाकली, कडेच्या गोल फिरलेल्या मुळ्या काढल्या आणि चार बाजूंनी वरून खाली चार उभ्या चिरा दिल्या. मधला गोळा तसाच ठेवला. तो धुवायचा नाही, मोकळा करायचा नाही. मुळ्या एक तृतीयांश गेल्या, तेव्हा वरच्या फांद्याही अर्ध्यावर छाटायच्या. थोड्या मुळ्यांनी एवढ्या पानांना पाणी पुरवायचे कसे? शिवाय मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर. जुन्या फांद्या राखून फुले मिळत नाहीत.

भोकावर खापर, थोडी माती, वर झाड. बुंधा आधी जितका मातीबाहेर होता तितकाच बाहेर. अधिक पुरला तर कुजतो. कडेने माती घालीत, काठीने हलके कोंबत, वर काठाशी बोटभर जागा पाण्यासाठी सोडली. तळातून पाणी येईपर्यंत पाणी दिले आणि कुंडी उत्तरेच्या खिडकीपाशी सावलीत ठेवली. महिनाभर खत बंद. माळी मजुरी घेऊन गेला. जाताना म्हणाला, “रोज रोज पाणी नका टाकू, आजी. बोट घालून पाहा, सुकं लागलं तंच टाका.” त्याला आईच्या सवयी बरोबर कळल्या होत्या.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. कॉलेजातून आलो की बूट न काढता आधी खिडकीकडे. कापलेल्या काटक्या तशाच उभ्या. दहा दिवस झाले, बारा झाले. मला २०२२ चा तो मे महिना दिसू लागला. सतराव्या दिवशी एका पेरावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मी ओरडलोच. आई आतून म्हणाली, “परवाच आलाय तो.”

“मग सांगितले का नाहीस?”

“जगतो का ते पाहत होते.”

हळूहळू कुंडी सकाळच्या उन्हात, मग पूर्ण उन्हात आणली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या कळ्या दिसल्या आणि मेअखेरपर्यंत आम्ही मोजणे सोडून दिले. माठात फुले पडली, देवापुढे पडली, बाबांच्या तसबिरीला हार झाला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई वास कुठून येतो म्हणून विचारायला आल्या आणि तासभर बसल्या. आता त्या आणि आई रोज संध्याकाळी लिफ्टने खाली जातात. फिलिपिन्सने याच फुलाला १९३४ साली राष्ट्रीय फूल केले, ही माहिती मी त्या बाईंना दिली. त्यांनी ऐकून घेतले.

एक गोष्ट मला पावसाळ्यात कळली. छाटलेल्या फांद्या मी कचऱ्यात टाकल्या होत्या, त्यांतल्या काही आईने रातोरात काढून, वीतभर लांबीचे तुकडे करून, दह्याच्या मडक्यात रेती घालून त्यात खोचल्या होत्या. आठ खोचल्या, पाच जगल्या. एक अमरावतीला बहिणीकडे गेले, एक माळ्याला दिले. तीन अजून मडक्यातच आहेत.

तर, आज सकाळी सौ.ला मी मोगऱ्याची कुंडी बदलू दिली नाही ती यासाठी. आता थंडी पडेल, रात्री पारा दहाच्या खाली जाईल, कापलेल्या मुळ्यांना नवी टोके फुटायची नाहीत. शेवंतीला आणि झेंडूला काय करायचे ते करा. मोगऱ्याने फेब्रुवारीची वाट पाहावी. शिवाय आमच्या मोगऱ्याची कुंडी याच वर्षी बदललेली आहे, त्याला आणखी दोन वर्षे तरी कोणी छळू नये. हे सगळे मी आईला पुन्हा एकदा विस्ताराने समजावून सांगितले. ती वाती वळत ‘हो’ म्हणाली.

सौ.ने सूड म्हणून गॅलरीतल्या अडगळीचा समाचार घेतला. तारेने आवळलेली ती जुनी आठ इंची कुंडी संध्याकाळी माझ्या पुस्तकांशेजारी जिन्यापाशी जाऊन बसली. रात्री दिवे मालवताना पाहिले तर पुस्तके होती, कुंडी नव्हती. हात धुवायला मोरीत गेलो. बादली काठोकाठ भरलेली होती आणि कुंडी तिच्यात तारेसकट बुडवून ठेवली होती.